होडीतलं गोडं पाणी

पनवेलमध्ये पाण्याच्या टाकीबद्दल कुणाला काही विचारायचं असेल तर लोक मला विचारतात. हे मी फुशारकी म्हणूनच सांगते आहे, आणि मला फुशारकी मारायला आवडते. सोसायट्यांच्या गच्चीवरच्या टाक्या, जमिनीखालच्या टाक्या, शाळांच्या, लग्नाच्या हॉलच्या. त्या साफ करायच्या, गळती शोधायची, आतून लेप द्यायचा, हा माझा धंदा. पळस्प्याच्या नाक्याजवळ माझं छोटं गोडाऊन आहे, त्यात पंप, पाइप, ब्रश आणि गमबुटांचे ढीग. लग्न होऊन मी पनवेलला आले तेव्हा सासरचे सगळे नोकरीवाले. नवरा मुंबईच्या ऑफिसात, दीर पुण्याच्या. सुनेने टाकीत उतरायचं ठरवलंय म्हटल्यावर घरात काही दिवस कुणाला अन्न गोड लागलं नाही. आता सासूबाई स्वतःच शेजारणींना सांगतात, की आमच्या सुनेने पाणी नुसतं चाखलं तरी ते कुठल्या टाकीतलं ते ती ओळखते. हे खरं नाही, पण मी त्यांना अडवत नाही.

एका टाकीला मात्र मला कुणी कधी हात लावू दिला नव्हता. ती माझ्या वडिलांच्या होडीतली.

बाबा मोरा बंदरातले कोळी, आणि नाखवा. म्हणजे होडी त्यांची आणि समुद्रात तिला नेणारेही तेच. आमच्याकडे बापाला तोंडावर अरे-तुरेच करतात; लिहायला बसलं की मात्र माझ्या हातून आपोआप अहो-जाहो होतं. होडी लाकडी, मी पहिलीत असताना बांधलेली. आठ-दहा दिवस बाहेर राहायचं तर बर्फ लागतो, डिझेल लागतं, आणि खलाशांना प्यायला, भात शिजवायला गोडं पाणी लागतं. त्यासाठी होडीच्या मागच्या भागात, डेकच्या फळ्यांखाली, लोखंडी पत्र्याची टाकी आहे. आधी टाकी ठेवली आणि मग वरून फळ्या ठोकल्या, त्यामुळे टाकी बाहेर काढायची तर होडी फोडावी लागेल. इंजिन दोनदा बदललं, केबिन नवी झाली, टाकी तीच राहिली.

लहानपणी एकदा होडी धक्क्याला असताना मी त्या टाकीच्या हातपंपाखाली चिखलाचे पाय धुतले होते. बाबांनी पाठीत असा धपाटा घातला की मी पाय धुवायचेच विसरले. होडीवर ताटं समुद्राच्या पाण्याने धुवायची, डेक समुद्राच्या पाण्याने, अंगही त्याच पाण्याने. गोडं पाणी फक्त पोटात जाण्यासाठी. आजही एखाद्या सोसायटीची टाकी भरून वाहताना दिसली की मी वॉचमनवर इतकी ओरडते, की तो बिचारा पंप बंद करायच्या आधी मलाच घाबरतो.

तर गेल्या हंगामाच्या शेवटी शेवटी त्या टाकीतलं पाणी मचूळ व्हायला लागलं. धक्क्यावर भरताना चांगलं गोड. होडी बाहेर पडली, जाळी टाकायला सुरुवात झाली, की दोन-तीन दिवसांत पाण्याला खारट चव. चहा तोंडात धरवेना, भात घशाखाली उतरेना, खलाशांची पोटं बिघडली. एक फेरी तर अर्ध्यावर सोडून सगळे परत आले. बर्फ वितळला, डिझेल जळलं, हाताला काही लागलं नाही. खलाशांमधला सगळ्यात जुना, ज्याने निम्मं आयुष्य बाबांच्या होडीवर काढलंय, तो हंगाम संपल्यावर घरी येऊन ओटीवर बसला. मी तेव्हा तिथेच होते.

"नाखवा," तो म्हणाला, "जाल्यात मावरं नाय गावलं तर आमी बोलनार नाय. पन प्यायला पानी नाय मिळालं तर आमी येनार नाय."

 बाबांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. पण ते नुसते मान हलवत राहिले, आणि त्या माणसाला चहा आणायला मला आत पाठवलं.

इतर होड्यांवर डेकवर निळी प्लास्टिकची पिंपं ठेवतात. बाबांना ती डोळ्यांसमोर नको असतात. पिंपं ठेवली की जाळं ओढायला जागा राहत नाही, आणि उन्हात पाणी इतकं तापतं की ते पिण्यापेक्षा त्यात बटाटे उकडावेत. शिवाय होडीच्या पोटात टाकी असताना डेकवर पिंपं म्हणजे होडी आजारी असल्याची पाटी लावल्यासारखं, असं त्यांचं मत.

याच दिवसांत माझ्या नवऱ्याने एक गिऱ्हाईक आणलं. त्याच्या ऑफिसातल्या एका साहेबांचं नेऱ्याकडे, डोंगराखाली, फार्महाउस आहे. त्यांना हिरवळीवर ठेवायला एक जुनी लाकडी होडी हवी होती. आत बाक टाकायचे, वरून दिव्यांच्या माळा सोडायच्या. नवऱ्याने मोबाइलवरचे आमच्या होडीचे फोटो दाखवले आणि साहेब प्रेमातच पडले. नवऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्याचा हेतू कधीच वाईट नसतो, हीच त्याच्याशी भांडण्यातली मोठी अडचण आहे.

"बाबांचं वय झालं," तो म्हणाला. "बोट तरी सन्मानाने राहील."

"सन्मानाने? आत बसून लोक कणसं भाजून खाणार!"

"मी फक्त विचारलं गं त्यांना."

"तू विचारलंस, आणि ते नाही म्हणाले नाहीत. याचा अर्थ कळतोय का तुला?"

खरं दुखणं तेच होतं. सगळं आयुष्य समुद्रावर काढलेला माणूस, ज्याने होडीच्या रंगाचा डबासुद्धा कधी दुसऱ्याला निवडू दिला नाही, तो तिला डोंगराखाली पाठवायला नाही म्हणत नव्हता. मी दुसऱ्याच दिवशी स्कूटर काढून मोऱ्याला गेले. बाबा दारात जाळं विणत बसले होते. त्यांनी वर न बघता सांगून टाकलं, "नव्या हंगामातली पहिली मोठी फेरी बगू. पानी गोडं राहिलं तर होडी समुद्रात. नाय राहिलं तर जाऊ दे नेऱ्याला. निदान चिखलात कुजनार तरी नाय."

मोऱ्याला पोचले की माझी पनवेलची भाषा गळून पडते. मी म्हटलं, "बाबा, टाकी माज्या ताब्यात दे."

"तू इमारतीच्या टाक्या करतेस. इमारत हालत नाय, बाय. होडी हालते."

"हालू दे. गळती ती गळतीच."

त्यांनी सुई थांबवली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कर."

ते दिवस मासेमारीच्या बंदीचे. होडी किनाऱ्यावर ओढून, ताडपत्रीने शाकारून ठेवलेली. वर पाऊस ताडपत्री बडवतोय आणि खाली आम्ही टाकीच्या झाकणाचे गंजलेले बोल्ट रॉकेल सोडून सोडून सैल करतोय, असा पहिला दिवस गेला. झाकण उघडलं आणि जो वास आला तो मी सांगणार नाही, तुम्ही जेवायचे असाल. बंद टाकीत कधी लगेच उतरायचं नसतं. आतली हवा खराब असते, माणूस ओरडायच्या आधीच कोसळतो. मी पंखा लावून भरपूर वेळ हवा खेळू दिली, मग कमरेला दोरी बांधली, डोक्याला दिवा लावला. दोरी धरायला मी माझा माणूस पनवेलहून आणला होता. बाबांनी त्याच्या हातातून ती काढून घेतली.

टाकीचं तोंड इतकं लहान, की माझ्या माणसांपैकी एकही त्यातून गेला नसता. मी गेले. खांदे तिरके करून, श्वास सोडून, पण गेले. आत उभं राहता येत नाही, ओणवंच काम करायचं. वरून बाबा थोड्या थोड्या वेळाने दोरीला हिसका द्यायचे, मी आतून उलट हिसका द्यायचा. मला उशीर झाला की वरून आवाज यायचा, "हायस का?" मी ओरडायची, "हाय!" मग पुन्हा माझ्या हातोडीचा ठक ठक.

आत मधोमध एक लोखंडी आडवी भिंत होती, खाली आणि बाजूला फटी ठेवलेली. गच्चीवरच्या टाकीत असलं काही नसतं. तिच्यामागे हात पोचेना, म्हणून मी वर ओरडले, "ही मदली भिंत कापून टाकते!"

"खुळी का काय!" बाबा झाकणातून डोकावलेच. "ती हाय म्हनून पानी जागेवर राहतं. ती काढलीस तर होडी कलली की सगलं पानी एका अंगाला धावंल, आन होडीला घेऊन जाईल."

मी गुपचूप त्या फटीतून पलीकडे सरपटले. खरवडलेल्या गंजाच्या पापुद्र्यांनी बादल्यांवर बादल्या भरल्या. आणि तिथेच, त्या भिंतीमागे, तळाच्या सांध्यावर हातोडीचं टोक पत्र्यातून आरपार गेलं. बाजूला चाचपलं तर मोहरीच्या दाण्याएवढी भोकं, एकाशेजारी एक. टाकीखाली होडीच्या तळात नेहमीच थोडं खारं पाणी साचलेलं असतं. होडी कलली की तेच आत येत असणार. मी आतून इतक्या जोरात "गावलं!" म्हणून ओरडले, की बाबांनी घाबरून दोरी ओढली आणि मी छताला डोकं आपटून घेतलं.

पुढचं काम मी मन लावून केलं. वेल्डर आणला. लाकडी होडीत वेल्डिंग म्हणजे आगीशी खेळ, म्हणून चारी बाजूंच्या लाकडाला ओली गोणपाटं लपेटली आणि बाबा बादली घेऊन पहाऱ्याला बसले. भोकांवर नवा पत्रा चढला. मग लेपावरून आमचं वाजलं. बाबा म्हणाले, सिमेंटचं पाणी लाव, पहिल्यापासून तेच लावलंय. मीही सिमेंटच लावणार होते, कारण पावसाळ्याच्या दमटात बाजारातला भारी रंग नीट वाळत नाही आणि मग त्याचे पापुद्रे सुटून पाण्यात येतात. पण त्यांचं ऐकून लावलं असं त्यांना वाटायला नको, म्हणून मी आधी रंगाच्या बाजूने भांडून घेतलं आणि मग दुसऱ्या दिवशी स्वतःच्या मताने सिमेंट लावलं. पातळ कालवून, ब्रशने, एकावर एक हात. प्रत्येक हात ओला ठेवून मुरू द्यायचा, घाई केली की तडे जातात. शेवटी आत दिवा फिरवला तर चारी भिंती सारख्या राखाडी, गुळगुळीत, कुठे डाग नाही. मी फोटो काढला आणि घरी सासूबाईंना दाखवला. त्या चष्मा सारखा करत म्हणाल्या, "छान आहे. कुणाचं देवघर गं हे?"

टाकी धुतली, पहिलं पाणी फेकलं, पुन्हा धुतली, पुन्हा फेकलं, मग भरून ठेवली. काठी बुडवून रोज पातळी बघितली, रोज तेवढीच. पाणी चाखलं, आमच्या घरच्या पाण्याहून गोड. मी सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करून टाकलं, की टाकी झाली.

"हालू दे आदी," बाबा म्हणाले.

बंदी उठली. बाबा नेहमीप्रमाणे सुरुवातीला दोन दिवसांची छोटी फेरी करून आले. मी पेढ्यांचा डबा घेऊन धक्क्यावर हजर. होडी लागली तसा तो जुना खलाशी खाली उतरला आणि त्याने पाण्याचा पेला माझ्या हातात दिला. मी घोट घेतला. मचूळ. पूर्वीइतकं नाही, पण जीभ खोटं बोलत नव्हती. पेढ्यांचा डबा मी पिशवीतून बाहेरच काढला नाही.

बाबा चिडले असते तर मी उलटं चिडले असते आणि काहीतरी मार्ग निघाला असता. पण ते माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू केलंस तेवढं पुष्कळ झालं, बाय. जावईबापूंना सांग, त्या सायबांना एकदा बोलवून घेऊ."

हा हात मला धपाट्यापेक्षा जास्त लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच क्षणी डोकंही फिरलं. "कोनी सायब येनार नाय," मी म्हटलं. "उद्याच्या फेरीला मी येतेय होडीवर."

बाईमाणूस फेरीला जाणार म्हटल्यावर धक्क्यावरच्या दोघा-तिघांनी भुवया उंचावल्या. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी करून नवं पाणी भरलं आणि आम्ही निघालो. मी पंपाशेजारी ठाण मांडून बसले. थोड्या थोड्या वेळाने पंप मारायचा, घोट घ्यायचा. गोड. पुन्हा घोट. गोड. होडी लाटांवर डुलतेय, पण पाणी गोड. खलाशी मला हसत होते, की ताई एकटीच टाकी संपवतेय. दुपार कलली आणि जाळं ओढायला सुरुवात झाली. सगळे एका अंगाला, होडी त्या अंगाला कललेली, जाळ्याबरोबर समुद्राचं पाणी डेकवर येतंय, घोट्यापर्यंत साचतंय आणि कडेच्या भोकांतून परत जातंय. ओढून ओढून एकाला तहान लागली. तो धावत येऊन भराभरा पंप मारायला लागला. तेवढ्यात पाण्याबरोबर एक गंजकं डबडं घरंगळत माझ्या पायाशी आलं.

ते कुठून आलं म्हणून मी पाहिलं, तर जिथे एरवी दोरखंडाचं वेटोळं पडलेलं असतं तिथे, डेकच्या फळीतून एका पाइपाचं बोटभर उंचीचं थोटूक वर आलेलं. वर घोटाभर समुद्राचं पाणी. आणि पंपाच्या प्रत्येक दट्ट्याबरोबर ते थोटूक गुडगुड आवाज करत ते पाणी गिळत होतं.

टाकीतून पाणी उपसलं की तेवढीच हवा आत जावी लागते, नाहीतर पंपाला पाणी येत नाही. त्यासाठी टाकीला हवेचा एक पाइप असतो. मी असे पाइप गच्च्यांवर किती बघितले असतील त्याला गणती नाही. ह्याचं भोक तर टाकीच्या छतात मी आतून पाहिलंही होतं; ते वर कुठे उघडतं हे बघायचं सुचलं नव्हतं. पण गच्चीवर त्या पाइपाच्या तोंडाशी फार तर कावळा बसतो. इथे तोंडाशी समुद्र उभा होता. धक्क्यावर डेक कोरडं, म्हणून पाणी गोड. जाळं ओढताना डेकवर पाणी, आणि तहान लागते तीही तेव्हाच. तळाची भोकं बुजवली म्हणून खारटपणा कमी झाला होता, संपला नव्हता. संपणार कसा? टाकी वरून समुद्र पीत होती.

"हा पाइप कोनी कापला?" मी ओरडले. मला इतका आनंद झाला होता की आवाज फाटला.

 जुना खलाशी जाळ्याकडे बघत राहिला. बाकीचे त्याच्याकडे. बाबांकडे मात्र कुणीच बघेना, आणि त्यावरूनच मला कळलं. जीभ चावून घ्यावीशी वाटली. नाखव्याला त्याच्याच होडीवर, त्याच्याच माणसांसमोर, पोरीने जाब विचारल्यासारखं झालं होतं.

बाबांनी सुकाणू दुसऱ्याच्या हातात दिलं. हळूहळू चालत आले, वाकले, त्या थोटकात बोट घालून पाहिलं. मग सरळ उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"मी कापला. गेल्या हंगामात, जाळं ह्याला अडकून फाटलं व्हतं तवा. मना राग आला, करवत घेतली न कापून टाकला. वर डबडं पालथं घातलं." मग खलाशांकडे वळून ते म्हणाले, "म्हंजे मीच माज्या मानसांना खारं पानी पाजत व्हतो."

आमच्या लोकांना जाळं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. जाळं फाटलं की घरातली बायकापोरं सगळी सुया घेऊन बसतात. समोर पाइप की जाळं असा प्रश्न आला तर कुठलाही नाखवा पाइपच कापेल, आणि कापल्यावर त्याला पुन्हा त्या पाइपाची आठवणही होणार नाही.

"करवत तू मारलीस, नाखवा," जुना खलाशी म्हणाला. "धरला मी व्हता. घट धरला व्हता."

आधी एक जण हसला, मग सगळेच. बाबाही हसले. मी हसले नाही. माझ्या टाक्यांचा मला अभिमान आहे हे मी सुरुवातीलाच सांगितलं. पण त्या दुपारी बाबांचा जो अभिमान वाटला तो आजवर कुठल्याच गोष्टीचा वाटला नव्हता. लपवायचं असतं तर त्यांनी नुसतं गप्प राहिलं तरी चाललं असतं. त्यांच्या माणसांपैकी एकानेही तोंड उघडलं नसतं.

परतीच्या वाटेवर आम्ही खडू घेऊन बसलो. मी म्हटलं, पाइप पुन्हा उंच करू आणि वरून छत्रीच्या मुठीसारखा वाकवू, म्हणजे तोंड खाली राहील. बाबा म्हणाले, तिथे उंच केलास तर पुन्हा जाळं अडकेल. मग त्यांनीच फळीवर रेघ ओढून दाखवली: डेकखालून पुढे न्यायचा आणि केबिनच्या मागच्या भिंतीला धरून वर चढवायचा, छपराच्या वळचणीपर्यंत. तिथे जाळं कधी जात नाही, लाटही पोचत नाही. मला ती जागा सुचली नसती. वाकवायची कल्पना मात्र माझी, आणि झुरळं आत जाऊ नयेत म्हणून तोंडावर बसवलेली बारीक जाळीही माझी. पळस्प्याच्या गोडाऊनमधला सगळ्यात चांगला पाइप मी त्या होडीला वापरला. जुनं भोक कायमचं बुजवलं. घरी नवऱ्याने निरागसपणे विचारलं, "मग तो सिमेंटचा लेप, ते वेल्डिंग, सगळं फुकटच गेलं?" त्या दिवशी त्याने स्वतःचा चहा स्वतः केला.

नारळी पौर्णिमा झाली आणि होडी मोठ्या फेरीला निघाली. जुना खलाशी होता, बाकीचेही होते, पण सगळे पहिल्या फेरीपुरतं येतो म्हणून आलेले. मी धक्क्यावर उभी राहून होडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग पनवेलला येऊन कामाला लागले, पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका सोसायटीत टाकी साफ करून झाकण लावायचं विसरून आले, आणि अर्ध्या वाटेतून परत पळाले. फोन लागत नाही तिकडे. पाणी मचूळ झालं असेल तर ते आत्ता, या क्षणी कुणीतरी थुंकत असेल, हे डोक्यातून जाईना. साहेबांचा नवऱ्याला दोनदा फोन आला. हिरवळीवर चौथरा बांधून झालाय म्हणाले. नवरा साहेबांना म्हणाला, जरा थांबा.

दहा दिवसांनी होडी आली. मी धक्क्यावर होतेच, यावेळी पेढे न घेता. मासळी उतरायला लागली. टोपल्या, बर्फ, ओरडाआरडा. जुना खलाशी माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि त्याने तक्रारी सुरू केल्या. बर्फ कमी घेतला होता. पापलेट नावाला नाही. इंजिनाचा पट्टा सारखा निसटतो. तो नवीन खलाशी झोपेत इतका घोरतो की इंजिन बंद केलं तरी चालू वाटतं. मी ऐकतेय, मान हलवतेय, आता पाण्याचं निघेल, आता निघेल. निघालंच नाही. बिडी पेटवून तो निघून गेला. मी दुसऱ्याला गाठलं. त्याने भाव पडल्याचं रडगाणं गायलं. माझा संताप संताप झाला. एवढ्या लहान तोंडातून मी आत शिरले, डोकं आपटून घेतलं, गंज खाल्ला, आणि एकालाही एक शब्द बोलावासा वाटू नये!

बाबा शेवटी उतरले. मी त्यांच्या वाटेतच उभी राहिले. "आन पानी?"

"कसलं पानी?" त्यांनी विचारलं. ते थट्टा करत नव्हते, खरंच विचारत होते. मग त्यांच्या लक्षात आलं. ते सावकाश म्हणाले, "दहा दिवस पान्याचं कोनी नावच काडलं नाय, गो."

मी तिथे, टोपल्यांच्या आणि बर्फाच्या मधे, भर गर्दीत रडले. लाज वाटली नाही. बाबांनी मासळीने माखलेला हात पुढे केला आणि माझा फोन मागितला. मी नवऱ्याचा नंबर लावून दिला. त्यांना फोनवर नेहमीच ओरडून बोलायची सवय आहे, त्यामुळे सगळ्या धक्क्याने ऐकलं.

"जावईबापू, तुमच्या सायबांना सांगा, दुसरी होडी बगा. आमची कामावर हाय."

पलीकडून नवरा काहीतरी विचारत होता. बाबा ऐकता ऐकता माझ्याकडे बघून हसले.

"व्हय, व्हय," ते ओरडले. "होडी माझी. टाकी तिची हाय."